हवेला मोजून वाट देणारा अभियंता

वातानुकूलन म्हणजे केवळ थंडावा, अशी सर्वसाधारण समजूत आहे. प्रत्यक्षात हवेचे तापमान, आर्द्रता, स्वच्छता आणि प्रवाह या चारही गोष्टींचे ते गणित असते. या गणिताचा पाया घालणारे अमेरिकन अभियंते विलिस हॅविलंड कॅरियर यांनी हवा खोलीपर्यंत नेणाऱ्या डक्टचाही तितक्याच बारकाईने विचार केला.

न्यूयॉर्क राज्यातील अँगोला येथे २६ नोव्हेंबर १८७६ रोजी त्यांचा जन्म झाला. शाळेत अपूर्णांक उमगेनात, तेव्हा आईने सफरचंदे कापून ते समजावले. १९०१ मध्ये कॉर्नेल विद्यापीठाची अभियांत्रिकी पदवी घेऊन ते आठवड्याला १० डॉलर पगारावर ‘बफेलो फोर्ज’ कंपनीत रुजू झाले.

पुढच्याच वर्षी ब्रुकलिनमधील एका छापखान्याची अडचण त्यांच्यापुढे आली. दमट हवेत कागद फुगे आणि एकावर एक छापायचे रंग जागेवरून सरकत. थंड पाण्याच्या नळ्यांवरून हवा नेऊन तिच्यातील बाष्प काढण्याची यंत्रणा कॅरियर यांनी आखली. आर्द्रता ५५ टक्क्यांवर स्थिर राखणे, हे तिचे उद्दिष्ट होते. १९०६ मध्ये त्यांना हवेवर प्रक्रिया करणाऱ्या उपकरणाचे पेटंट मिळाले. १९११ मध्ये त्यांनी हवा, उष्णता आणि बाष्प यांच्या संबंधाची सूत्रे मांडली.

पहिले महायुद्ध सुरू होताच कंपनीने वातानुकूलनाचा विभाग बंद करण्याचे ठरविले. वर्षानुवर्षांची मेहनत वाया जाण्याची वेळ आली. अखेर कॅरियर यांच्यासह सात अभियंत्यांनी ३२,६०० डॉलरचे भांडवल उभे केले आणि १९१५ मध्ये स्वतःची कंपनी काढली.

उंच इमारतींत मात्र डक्टचाच पेच होता. सर्व गारवा हवेवाटेच पुरवायचा, तर पत्र्याचे रुंद डक्ट भाड्याने देण्याजोगी जागा गिळून टाकत. डक्ट अरुंद केल्यास घर्षण वाढते. गोल डक्टचा व्यास निम्मा केला, तर छेदाचे क्षेत्रफळ चौथाई उरते, तेवढ्याच हवेचा वेग चौपट होतो आणि घर्षणाने होणारी दाबाची हानी सुमारे ३२ पट होते. त्यात आवाजाची भर पडते.

१९३९ मध्ये कॅरियर यांनी यावर तोडगा काढला. मध्यवर्ती यंत्रातून केवळ गरजेपुरती ताजी, कोरडी हवा बारीक पोलादी नळ्यांतून वेगाने सोडायची. उरलेली उष्णता खिडकीखालच्या संचात खेळणाऱ्या थंड पाण्याने शोषायची. हवेच्या तुलनेत पाणी अगदी लहान नळीतून तेवढीच उष्णता वाहून नेते, हे त्यामागचे तत्त्व होते. वाट अरुंद करण्यापूर्वी त्यांनी हवेचे ओझे कमी केले.

७ ऑक्टोबर १९५० रोजी कॅरियर यांचे निधन झाले. आज घरांच्या छतांवरून नेल्या जाणाऱ्या लवचिक डक्टनाही घर्षणाचा तोच नियम लागू आहे. असा डक्ट पुरता न ताणता बसविला, मध्येच लोंबला किंवा वळणावर चेपला, तर हवेचा मार्ग कोंडतो. मग यंत्र कितीही शक्तिशाली असो, शेवटची खोली उकडतच राहते. डक्टचा व्यास यंत्राच्या तोंडाकडे पाहून ठरवायचा नसतो. प्रत्येक खोलीला किती हवा लागते आणि वाटेत किती अडथळे आहेत, हे मोजूनच तो ठरवावा लागतो.