टस्कीगीचे आचार्य बुकर टी. वॉशिंग्टन

हायस्कुलात जाणाऱ्या मुलाने केवळ ग्रंथविद्या शिकावी की तिच्या जोडीला हातचा एखादा धंदाही शिकावा, हा प्रश्न पालकांपुढे वारंवार उभा राहतो, आणि बहुधा त्याचा निकाल ग्रंथविद्येच्या बाजूने लागतो. सुतारकामाचा अथवा शेतकीचा वर्ग शाळेत निघालाच, तर तो दुसऱ्याच्या मुलासाठी उत्तम, अशी आपणांपैकी पुष्कळांची मनोमन समजूत असते. याच प्रश्नापायी ज्याने आपल्या आयुष्याची चौतीस वर्षे वेचली, अशा एका पुरुषाचे चरित्र आम्ही यंदा आमच्या विद्यार्थिमित्रांपुढे व त्यांच्या पालकांपुढे ठेवीत आहो.

बुकर वॉशिंग्टन यांचा जन्म १८५६ साली अमेरिकेतील व्हर्जिनिया संस्थानात बरोज नावाच्या शेतमालकाच्या मळ्यावर झाला. त्यांची आई जेन ही त्या मळ्यावरील स्वयंपाकीण व गुलाम होती. पिता कोणी गोरा मनुष्य होता, यापलीकडे मुलास त्याची माहिती नव्हती. मळ्याचे स्वयंपाकघर तेच या कुटुंबाचे घर, आणि जमिनीवर टाकलेल्या चिंध्या हेच अंथरूण. १८६१ साली मालक वारल्यावर त्याच्या मालमत्तेची जी यादी झाली, तीत गुरेढोरे व अवजारे यांच्याबरोबर या पाच वर्षांच्या मुलाचीही नोंद असून त्याची किंमत चारशे डॉलर लावलेली आहे. मालकाच्या मुलीची पुस्तके शाळेच्या दारापर्यंत पोहोचवून देण्याचे काम त्याच्याकडे असे. दाराच्या आत पाऊल टाकण्याची त्यास मुभा नव्हती.

१८६५ साली यादवी युद्ध संपले, गुलामांस स्वातंत्र्य मिळाले, आणि आई मुलांना घेऊन डोंगर ओलांडून पश्चिम व्हर्जिनियातील माल्डन गावी आपल्या पतीकडे गेली. तेथे मिठाच्या भट्ट्या होत्या. सावत्र बापाने मुलांना लगेच कामास जुंपले. प्रत्येक मजुराच्या पिंपांवर ठराविक आकडा घालीत असत, व या कुटुंबाचा आकडा अठरा होता. बुकरने जन्मात प्रथम वाचले ते हेच दोन अंक. पुढे आईने कोठून तरी एक अंकलिपी मिळवून दिली. गावात कृष्णवर्णीय मुलांसाठी शाळा निघाली, तेव्हा सकाळी नऊपर्यंत भट्टीवर काम करून मग शाळेत जाण्याची परवानगी बापाने दिली. परंतु शाळाही नऊलाच भरे! तेव्हा या मुलाने युक्ती केली. भट्टीच्या कचेरीतील घड्याळाचा काटा तो रोज सकाळी साडेआठावरून नवावर सरकवीत असे. ही लबाडी लवकरच उघडकीस आली आणि घड्याळास कुलूप पडले. त्यांनी पुढे आपल्या आत्मचरित्रात ती स्वतःच सांगितली आहे. आम्ही ती अनुकरणासाठी सांगत नाही, हे विद्यार्थ्यांनी ध्यानात ठेवावे.

शाळेत गुरुजी हजेरी घेत असता इतर मुलांची दोन-दोन नावे ऐकून या मुलास धास्ती पडली, कारण त्यास आडनावच नव्हते. आपली पाळी येताच त्याने धीटपणे वॉशिंग्टन हे नाव सांगून टाकले. पुढे कोळशाच्या खाणीत काम करीत असता दोन मजुरांचे बोलणे त्याच्या कानी पडले : व्हर्जिनियात हॅम्पटन येथे कृष्णवर्णीयांसाठी एक मोठी शाळा आहे, तेथे गरीब मुलास काम करून खर्च भागविता येतो, व धंदाही शिकवितात. त्या क्षणापासून हॅम्पटनचा त्याने ध्यास घेतला. मध्यंतरी रफनर नावाच्या एका बाईंच्या घरी तो नोकरीस राहिला. बाई स्वच्छतेविषयी अत्यंत कडक, त्यामुळे त्यांच्याकडे चाकर टिकत नसे. हा टिकला, आणि तेथे अंगी बाणलेली टापटीप लवकरच त्यास अनपेक्षित रीतीने उपयोगी पडली.

१८७२ साली तो सोळा वर्षांचा असताना हॅम्पटनला निघाला. वाट सुमारे पाचशे मैलांची, आणि जवळचे पैसे अर्ध्या वाटेसही न पुरणारे. रिचमंड शहरी पोहोचला तेव्हा हाती छदाम उरला नव्हता. रस्त्याच्या कडेस फळ्यांची उंच पायवाट होती, तिच्या खाली शिरून त्याने रात्र काढली. दुसऱ्या दिवशी धक्क्यावर एका जहाजातून लोखंड उतरविण्याची मजुरी मिळाली. कित्येक दिवस ती मजुरी व रात्री तोच फळ्यांखालचा बिछाना, असे करून त्याने वाटखर्च साठविला व अर्धा डॉलर शिल्लक घेऊन तो शाळेच्या दाराशी उभा राहिला. मुख्य शिक्षिका मॅकी बाई त्याच्या मळक्या वेषाकडे पाहून साशंक झाल्या. अखेर त्यांनी त्यास एक खोली झाडण्यास सांगितले. त्याने ती तीन वेळा झाडली व चार वेळा पुसली. बाईंनी हातरुमाल घेऊन भिंती, मेज, बाके घासून पाहिली. धुळीचा कण सापडला नाही, आणि प्रवेश मिळाला. हॅम्पटनची प्रवेशपरीक्षा ती हीच. बिछान्यावरील दोन चादरींचे कोडे सोडविण्यास मात्र त्यास तीन रात्री लागल्या. पहिल्या रात्री तो दोन्हींच्या खाली निजला, दुसऱ्या रात्री दोन्हींच्या वर, आणि तिसऱ्या रात्री इतर मुलांकडे पाहून त्याने दोहोंच्या मधोमध निजण्याचा शोध लावला.

हॅम्पटनचे संस्थापक जनरल सॅम्युएल आर्मस्ट्राँग यांच्याविषयी येथे दोन शब्द लिहिणे अवश्य आहे. हे हवाई बेटांतील मिशनरी आईबापांचे पुत्र. ज्या अमेरिकन बोर्डाचे मिशनरी १८१३ साली मुंबईस उतरले व ज्यांच्यापासून पुढे अमेरिकन मराठी मिशन उभे राहिले, त्याच बोर्डाने त्यांच्या आईबापांना हवाईत पाठविले होते. तेथील मिशनच्या शाळेत मुले शेती व सुतारकाम करीत शिकतात, हे आर्मस्ट्राँग यांनी लहानपणी पाहिले होते. यादवी युद्ध आटोपल्यावर, १८६८ साली, त्यांनी तोच नमुना हॅम्पटनला आणला. अशा रीतीने पॅसिफिक महासागरातील एका बेटावरची कल्पना एका गुलामाच्या मुलापर्यंत येऊन पोहोचली.

१८७५ साली वॉशिंग्टन पदवी घेऊन बाहेर पडले, काही काळ माल्डनला शिक्षक झाले, व पुन्हा हॅम्पटनला शिकविण्यास आले. १८८१ साली अलाबामा संस्थानातील टस्कीगी गावाहून आर्मस्ट्राँग यांना पत्र आले. तेथील कृष्णवर्णीयांसाठी अध्यापकशाळा काढावयाची आहे, कोणी गोरा गृहस्थ सुचवावा, अशी त्यात विनंती होती. आर्मस्ट्राँग यांनी वॉशिंग्टन यांचेच नाव कळविले, आणि गावाने ते मान्य केले. या शाळेच्या मुळाशी लुइस अ‍ॅडम्स नावाचा एक पूर्वीचा गुलाम होता. तो कल्हई-पत्र्याचे काम, जोडे व खोगीर-लगामाचे काम जाणणारा कुशल कारागीर होता. गावात त्याच्या शब्दास मान होता, आणि निवडणुकीत मते मागण्यास आलेल्या उमेदवाराकडून शाळेचे वचन त्यानेच घेतले होते.

वॉशिंग्टन टस्कीगीस येऊन पाहतात तो संस्थान सरकारने शिक्षकांच्या पगारासाठी वर्षाचे दोन हजार डॉलर मंजूर केलेले, पण जागा नाही, इमारत नाही, पाटी-पुस्तक नाही. ४ जुलै १८८१ रोजी एका जुन्या खोपटात तीस विद्यार्थ्यांनिशी शाळा सुरू झाली. छप्पर इतके गळके की पाऊस आला म्हणजे एक विद्यार्थी आपला धडा सोडून शिक्षकांच्या डोक्यावर छत्री धरून उभा राही. पहिले काही आठवडे वॉशिंग्टन खेड्यापाड्यांतून हिंडले. एका एकखोली झोपडीत त्यांना एक तरुण दिसला. अंगावर तेलकट कपडे, भोवती केरकचरा, परसात तण माजलेले, आणि तो फ्रेंच व्याकरण पाठ करीत बसलेला! दुसऱ्या एका घरी साठ डॉलरचा ऑर्गन हप्त्यांनी घेतलेला होता, पण पाचजण जेवायला बसले तेव्हा काटा मात्र एकच. त्यांच्या वर्गातील कित्येकांस घनमुळाचे नाव ठाऊक होते व पाढे येत नव्हते. आमच्या मते पुढील सर्व खटाटोपाची प्रेरणा या चार आठवड्यांच्या भटकंतीत आहे.

लवकरच पाचशे डॉलरांस शंभर एकरांचा एक पडीक मळा मिळाला. त्यातील अडीचशे डॉलर हॅम्पटनच्या खजिनदारांनी स्वतःच्या खिशातून उसने दिले. तबेला व कोंबड्यांचे खुराडे साफ करून तेथे वर्ग भरू लागले. परंतु रान तोडावयाचे असे ठरताच विद्यार्थी नाखूश झाले. त्यांपैकी पुष्कळांनी पूर्वी मास्तरकी केली होती. मास्तराने कुऱ्हाड धरावी हे त्यांस कमीपणाचे वाटले. वॉशिंग्टन काही बोलले नाहीत. रोज दुपारी शाळा सुटल्यावर ते स्वतः खांद्यावर कुऱ्हाड टाकून रानात जाऊ लागले. हळूहळू मुले मागोमाग आली आणि वीस एकर जमीन लागवडीस आली.

खरी कसोटी विटांनी पाहिली. इमारतीस विटा हव्यात, गावात वीटभट्टी नाही, तेव्हा विटा शाळेतच करावयाच्या असे ठरले. गुडघाभर चिखलात उभे राहून माती मळण्याच्या कामाने कित्येक मुले शाळाच सोडून गेली. बरोबर माती शोधण्यात दिवस गेले. पंचवीस हजार विटा घालून पहिली भट्टी लावली, ती नीट भाजली नाही. दुसरी फसली. तिसरी आठवडाभर पेटत राहिली आणि अखेरच्या रात्री ढासळली. पैसा संपला होता व सहकारी नाद सोडा म्हणत होते. वॉशिंग्टन माँटगोमेरी शहरी गेले, आपले घड्याळ गहाण ठेवून पंधरा डॉलर आणले व चौथी भट्टी लावली. ती साधली. घड्याळ मात्र त्यांना परत सोडविता आले नाही. पुढे शाळेतील मुले एका हंगामात बारा लाख विटा पाडीत होती, आणि ज्या गोऱ्या शेजाऱ्यांस कृष्णवर्णीयांचे शिक्षण म्हणजे मजूर हातचे जाणे असे वाटे, तेच विटा विकत घेण्यासाठी शाळेच्या दारी येऊ लागले. विटांमागून गाड्या आल्या, लोहारकाम आले, छपाई, शिवण, दूधदुभते आले. १९०१ सालापर्यंत शाळेजवळ लहानमोठ्या सहासष्ट इमारती झाल्या होत्या. त्यांतील चार सोडून बाकी सर्व बहुतांशी विद्यार्थ्यांच्या हातच्या होत्या.

यावर पालकांनी विरोध केला नाही असे नाही. पत्रे आली, काही जण समक्ष भेटून गेले. आमच्या मुलांना काम कशाला, आम्ही जन्मभर तेच केले, त्यांना पुस्तके शिकवा. अशी त्यांची मागणी. पुस्तक जितके जाड व त्याचे नाव जितके लांब तितके समाधान अधिक! ज्यांच्या पाठीवर आसूड ओढून काम करवून घेतले गेले होते त्यांना श्रम ही शिक्षा वाटावी, यात आम्हांस नवल वाटत नाही. वॉशिंग्टन यांनीही ते जाणले होते. ते गावोगाव जाऊन समजावीत की राबविले जाणे वेगळे व काम करणे वेगळे. शाळेत त्यांनी ग्रंथ आणि धंदा यांची सांधेजोड केली. सुताराच्या वर्गातील मुलाने गणिताच्या तासास आपल्याच बांधकामाची मापे सोडवावी, निबंध आपल्याच कामावर लिहावा, अशी पद्धत होती. ज्यांस फी परवडत नसे त्यांच्यासाठी १८८४ साली रात्रीची शाळा निघाली. दिवसा दहा तास धंदा, रात्री दोन तास अभ्यास. असे एकदोन वर्षे काढले म्हणजे मजुरीच्या जमा रकमेवर दिवसाच्या शाळेत जाता येई. १८९६ साली जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर हे विख्यात शास्त्रज्ञ शेतकी खात्यावर आले, आणि १९०६ पासून अवजारे व बियाणे भरलेली एक गाडी खेड्यांतून फिरू लागली. शाळेत येणे ज्यांस शक्य नाही त्यांच्या शेतावर शाळाच जाऊ लागली.

१८९५ साली अटलांटा येथील प्रदर्शनात केलेल्या भाषणाने वॉशिंग्टन यांचे नाव देशभर झाले, आणि वादही तेथूनच सुरू झाला. सामाजिक व्यवहारात दोन्ही वर्ण हाताच्या बोटांसारखे अलग राहोत, उद्योगात मात्र मुठीसारखे एक होवोत, असा त्या भाषणाचा आशय होता. गोऱ्या श्रोत्यांनी टाळ्यांचा कडकडाट केला. परंतु थोर कृष्णवर्णीय विद्वान डब्ल्यू. ई. बी. डु बॉइस यांनी १९०३ साली त्यावर कठोर टीका केली. मताचा हक्क व उच्च शिक्षण सोडून दिल्यास कारागिराने कमावलेली मालमत्ता तरी कोण राखणार, हा त्यांचा सवाल होता. हा सवाल पोकळ नव्हता. १९०१ च्या नव्या राज्यघटनेने खुद्द अलाबामातच बहुतेक कृष्णवर्णीयांची मते काढून घेतली होती. टस्कीगीत शिकविलेले कित्येक हातधंदे कारखान्यांच्या युगात मागे पडले, असेही पुढील इतिहासकारांनी दाखविले आहे. आम्हांस या वादात डु बॉइस यांची बाजू बळकट वाटते. वॉशिंग्टन यांची स्वतःची कन्या पोर्शिया जर्मनीस जाऊन पियानो शिकली, हेही सांगितले पाहिजे. एकच काटा असलेल्या घरातील ऑर्गनास हसणाऱ्या पित्याने संगीतास तुच्छ मानले नव्हते.

तथापि त्यांच्या मृत्यूनंतर त्यांची खासगी कागदपत्रे तपासली गेली, तेव्हा एक निराळीच गोष्ट प्रकाशात आली. उघड सभेत मवाळ बोलणारा हा मनुष्य मताच्या हक्कासाठी चाललेल्या कज्जांस गुप्तपणे पैसा पुरवीत होता. अलाबामातील मतदारयादीविरुद्ध सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलेला व १९०३ साली हरलेला खटला त्यांपैकीच एक. शाळा जगवावयाची तर शेजाऱ्यांना दुखवून चालणार नाही, हा हिशेब त्यांनी जन्मभर सांभाळला. त्याची किंमत त्यांच्या कीर्तीस द्यावी लागली.

हिंदुस्थानासही हे नाव लवकर कळले. दक्षिण आफ्रिकेत असताना गांधीजींनी १९०३ साली आपल्या पत्रात वॉशिंग्टन यांच्या चरित्रावर गौरवाने लिहिले, आणि पुढे १९३७ साली वर्ध्याच्या शिक्षण परिषदेत हस्तोद्योगातून शिक्षणाची योजना त्यांनीच देशापुढे मांडली.

अखेरच्या वर्षांत वॉशिंग्टन यांनी शिकागोचे व्यापारी ज्युलियस रोझेनवाल्ड यांच्या साहाय्याने खेड्यांतील शाळांच्या इमारती बांधण्याचे काम हाती घेतले. निम्मा भार गावकऱ्यांनी पैशाने, लाकडाने वा श्रमाने उचलावा, अशी त्यात बोली असे. १९३२ सालापर्यंत अशा सुमारे पाच हजार शाळा उभ्या राहिल्या. ते पाहण्यास वॉशिंग्टन नव्हते. १९१५ च्या नोव्हेंबरात न्यूयॉर्क येथे ते आजारी पडले. वैद्यांनी आशा सोडली, तेव्हा आपण दक्षिणेत जन्मलो, तेथेच देह ठेवणार, असा हट्ट धरून ते आगगाडीने परत निघाले, आणि घरी पोहोचल्यावर काही तासांतच, १४ नोव्हेंबर रोजी पहाटे, त्यांचे निधन झाले. त्या दिवशी टस्कीगीत सुमारे दीड हजार विद्यार्थी होते आणि अडतीस धंदे व व्यवसाय शिकविले जात होते. विद्यार्थ्यांनी बांधलेल्या प्रार्थनामंदिराजवळच त्यांना मूठमाती देण्यात आली.