मस्त नव्हे, मास्ट!

डॉक्टरांनी चिठ्ठीवर लिहिलेलं मी वाचलं, मस्त पेशी. म्हटलं, नऊ वर्षं जीव नकोसा केला, आणि यात मस्त ते काय? डॉक्टर हसले. म्हणाले, ताई, मस्त नव्हे, मास्ट. जर्मन शब्द आहे. मग त्यांनी एका माणसाची गोष्ट सांगितली. घरी येऊन मी त्याच्याविषयी मिळेल ते वाचून काढलं. मैत्रिणींनो, आज त्याच्याबद्दलच सांगायचंय. पण आधी माझं थोडं.

माझं माहेर धुळ्याचं, सासर जळगावचं. म्हणजे उन्हाचं काही कौतुक नाही. पण दुसऱ्या बाळंतपणानंतर उन्हाळा लागला की अचानक तोंड लालबुंद व्हायचं, अंगभर गांधी उठायच्या, पोटात मुरडा यायचा, छातीत धडधडायचं. दोनदा तर ओट्याशीच चक्कर येऊन पडले. आणि दोन-तीन तासांत सगळं गायब! सासूबाईंनी आमसुलाचं पाणी चोळलं, मीठ-मिरच्यांनी दृष्ट काढली. कोणी पित्त म्हटलं, कोणी ॲसिडिटी. ईसीजी चांगला, रक्त चांगलं. शेवटी एका डॉक्टरांनी टेन्शन घेऊ नका म्हणत झोपेची गोळी दिली. रिपोर्ट नॉर्मल, म्हणजे बाई नाटकं करते, अशी कुजबुज घरातही सुरू झाली. त्याचं दुःख दुखण्यापेक्षा जास्त होतं.

आता त्या माणसाकडे वळू. पॉल एर्लिक. जन्म 14 मार्च 1854, तेव्हाच्या जर्मनीतल्या स्ट्रेलेन या लहानशा गावी, एका ज्यू कुटुंबात. मावसभाऊ की मामेभाऊ हे सोडा, पण कार्ल वायगर्ट नावाचा मोठा भाऊ नात्यात होता आणि त्याच्यामुळे पॉलला रंगांचं वेड लागलं. कापड रंगवायचे नवे रासायनिक रंग तेव्हा बाजारात आले होते. हा पोरगा त्यांनी शरीराचे पातळ काप रंगवायचा आणि सूक्ष्मदर्शकाखाली बघत बसायचा. कोणता रंग कुठे चढतो आणि कुठे चढत नाही, एवढाच त्याला ध्यास.

1878 मध्ये, अवघ्या 24 व्या वर्षी, त्याने लाइपझिगला डॉक्टरेटचा प्रबंध दिला. त्यात काही वेगळ्याच पेशी होत्या. आत दाणेच दाणे भरलेले, आणि ते दाणे मूळ रंगापेक्षा वेगळ्याच छटेत दिसायचे. आपण म्हशीला सरकी-ढेप घालून धष्टपुष्ट करतो ना, तसा या पेशींनी खुराक खाल्लाय, असं त्याला वाटलं. जर्मनमध्ये अशा खुराकाला मास्ट म्हणतात. झालं, नाव पडलं मास्ट पेशी.

गंमत म्हणजे त्याचा अंदाज चुकला होता! ते दाणे म्हणजे खाल्लेला खुराक नव्हता, तो पेशीने भरून ठेवलेला दारूगोळा होता. कातडीत, आतड्यांच्या अस्तरात, श्वासनलिकेत, रक्तवाहिन्यांच्या कडेला या पेशी पहारेकऱ्यासारख्या असतात. शत्रू आला की दाणे फोडतात. त्यातलं मुख्य रसायन हिस्टामाइन, हे ब्रिटनमधल्या रायली आणि वेस्ट यांनी 1953 मध्ये दाखवून दिलं. म्हणजे पेशी दिसल्यापासून 75 वर्षांनी. माझी नऊ वर्षं त्यापुढे काहीच नाहीत म्हणा!

एर्लिकचं पुढचं आयुष्यही असंच, पुन्हा पुन्हा बघण्याचं. 1882 मध्ये रॉबर्ट कॉखने क्षयाचे जंतू दाखवले, तेव्हा ते रंगवायची सोपी रीत एर्लिकने काढली. सांगतात की काचपट्ट्या लोखंडी शेगडीवर राहिल्या, सकाळी कोणीतरी ती पेटवली आणि उष्णतेने रंग झकास चढला. आपल्याकडे थुंकीची जी तपासणी होते, तिचं मूळ याच रीतीत आहे. 1883 मध्ये हेडविगशी लग्न झालं, दोन मुली झाल्या. पुढे त्याला स्वतःलाच क्षय झाला. नवरा-बायको इजिप्तच्या कोरड्या हवेत जाऊन राहिले आणि तो बरा होऊन परतला.

1908 मध्ये त्याला मेचनिकोव्हबरोबर नोबेल मिळालं. त्यानंतरचं काम तर बायकांनी विसरू नये असं. गरमी हा रोग तेव्हा नवऱ्याकडून बायकोला आणि तिच्याकडून पोटातल्या बाळाला व्हायचा. एर्लिकच्या प्रयोगशाळेतलं 606 क्रमांकाचं औषध आधी निरुपयोगी म्हणून बाजूला पडलं होतं. 1909 मध्ये जपानी सहकारी साहाचिरो हाता याने ते नव्याने तपासलं आणि ते लागू पडलं! 20 ऑगस्ट 1915 रोजी एर्लिक गेला. पुढे नाझींनी ज्यू म्हणून त्याच्या नावाच्या रस्त्याची पाटीही काढली, आणि म्हाताऱ्या हेडविगला देश सोडावा लागला.

606 ची ही हकिगत ऐकल्यावर माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. नॉर्मल रिपोर्ट म्हणजे शेवट नव्हे. तपासणी योग्य वेळी व्हायला हवी. मास्ट पेशींचा झटका येतो तेव्हा रक्तात ट्रिप्टेज नावाचं द्रव्य वाढतं, पण थोडाच वेळ. म्हणून झटक्यानंतर चार तासांच्या आत रक्त घ्यायचं, आणि बरं वाटत असताना पुन्हा एकदा. शांत असताना 5 असेल तर झटक्यात निदान 8 व्हायला हवं. माझं तसंच वाढलेलं निघालं. त्याआधी मी दुधाच्या हिशेबाच्या कॅलेंडरवर नोंदी ठेवत होते, काय खाल्लं, कोणती गोळी घेतली, ऊन किती होतं. त्यातून कळलं की कडक ऊन आणि दुखण्यावरची गोळी एकत्र आली की माझा घात होतो.

आता ती गोळी बंद आहे. हिस्टामाइनला अडवणाऱ्या दोन प्रकारच्या गोळ्या डॉक्टरांनी सुरू केल्यात. अशी औषधं लागू पडणं हाही निदानाचाच भाग असतो. दुपारी बारा ते चार मी घराबाहेर पडत नाही. आजार मुळापासून गेलेला नाही, पण गेल्या उन्हाळ्यात एकदाही पडले नाही.

प्रत्येक गांध म्हणजे हा आजार नव्हे हं! साधी ॲलर्जी, थायरॉइड, आणखी बरंच काही आधी तपासावं लागतं. मनाने गोळ्या घेऊ नका. श्वास अडकला, घसा सुजला किंवा शुद्ध हरपली तर आमसूल चोळत बसू नका, तडक दवाखाना गाठा. तिथे ॲड्रिनॅलिनचं इंजेक्शन जीव वाचवतं.

आणि घरातली एखादी सून, लेक पुन्हा पुन्हा तेच सांगत असेल, तर तिला नाटकी म्हणण्याआधी तिच्या हातात कॅलेंडर आणि पेन द्या.