गृहिणी आणि ग्रंथकर्त्री

स्वयंपाकघर ही विद्येची जागा आहे असे सहसा कोणी मानीत नाही. मनुष्य शाळेत शिकतो, ग्रंथांतून शिकतो, देशाटन करून शिकतो. चुलीपाशी बसणारी गृहिणी मात्र केवळ घरातल्या माणसांची पोटे भरते, अशीच पुष्कळांची समजूत असते. परंतु मराठी भाषेतील एक श्रेष्ठ आत्मचरित्र जिने लिहिले, तिने लहानपणी शाळेचे तोंड पाहिले नव्हते. तिचे बहुतेक आयुष्य चूल, पाणी, मुलेबाळे आणि पाहुणे यांतच गेले. त्या संसारातूनच तिला अनुभव मिळाला, श्रद्धा मिळाली आणि सांगण्याजोग्या असंख्य गोष्टीही मिळाल्या. ही स्त्री म्हणजे लक्ष्मीबाई टिळक.

लक्ष्मीबाईंचा जन्म १८६८ साली नाशिकजवळील जलालपूर या खेड्यात गोखल्यांच्या घरी झाला. माहेरी त्यांना मनू म्हणत. त्यांच्या आईच्या वडिलांना १८५७ च्या धामधुमीत फाशी देण्यात आले होते. त्या भयंकर घटनेचा धक्का मनूच्या वडिलांना बसला आणि त्यांच्या मनाने सोवळ्याचा विलक्षण ध्यास घेतला. बाहेरून घरात आलेली प्रत्येक वस्तू धुतल्यावाचून त्यांना चालत नसे. धान्य धुणे समजण्यासारखे आहे. पण मीठ आणि साखर हे जिन्नसही धुण्यातून सुटत नसत. पाण्यात घातल्यावर मिठाचे आणि साखरेचे काय होते, हे कोणास सांगावयास हवे? या सोवळ्यापायी घरातील बायकामुलांना पुष्कळ जाच सोसावा लागला. पुढे लक्ष्मीबाईंनी या साऱ्या हकिकती लिहिल्या, त्या मात्र हसत हसत लिहिल्या. वडिलांविषयी कडवटपणा त्यांच्या लेखणीत उतरला नाही.

१८८० साली, वयाच्या अकराव्या-बाराव्या वर्षी, त्यांचा विवाह नारायण वामन टिळक यांच्याशी झाला आणि मनूची लक्ष्मी झाली. टिळक बुद्धिमान होते, कवी होते, वक्ते होते. पण संसाराचा व्यवहार त्यांना ठाऊक नव्हता. हातात पैसा आला की तो गरजवंताला देऊन मोकळे व्हावे, मनात आले की घर सोडून भ्रमंतीस निघावे, रागाच्या भरात वाटेल ते करून बसावे आणि थोड्याच वेळात लहान मुलासारखे विरघळून जावे, असा त्यांचा स्वभाव होता. अशा पतीच्या घरी डब्यात पीठ आहे की नाही, याची चिंता पत्नीलाच वाहावी लागे. लक्ष्मीबाईंनी ती वाहिली. मात्र सत्यप्रीती आणि भूतदया हे पतीचे गुणही त्यांनी त्याच वेळी ओळखले होते. टिळकांच्याच प्रोत्साहनाने त्या लिहावयास-वाचावयास शिकल्या.

टिळकांचे मन धर्माच्या प्रश्नांनी सदैव अस्वस्थ असे. १८९३ साली आगगाडीच्या प्रवासात एका युरोपियन गृहस्थाने त्यांना बायबल वाचावयास दिले. त्या वाचनातून त्यांचे विचार पालटत गेले आणि १८९५ च्या फेब्रुवारी महिन्यात मुंबईस त्यांनी ख्रिस्ती धर्माची दीक्षा घेतली. ही वार्ता लक्ष्मीबाईंच्या कानी पडली तेव्हा त्यांच्यावर जणू आकाशच कोसळले. पती हयात असून अंतरला होता. त्याच्या घरी जावे तर धर्म जातो आणि न जावे तर संसार जातो, असा हा पेच होता. लहानगा दत्तू पदराशी होता. नातलगांच्या आश्रयाने त्यांनी काही वर्षे दुःखात काढली. त्यांतील बराच काळ पंढरपुरास गेला. टिळकांनी त्यांचा ध्यास सोडला नाही आणि त्यांनाही टिळकांचा विसर पडला नाही.

अखेर त्या पतीकडे परत आल्या, पण आपला धर्म मनाशी घट्ट धरून आल्या. आपला स्वयंपाक आणि आपले पाणी त्यांनी वेगळे ठेवले. ज्या पतीसाठी त्यांनी आप्तांचा रोष पत्करला होता, त्याच्याशीही त्यांचा अन्नव्यवहार राहिला नव्हता. माहेरच्या घरात वडिलांच्या सोवळ्याने जी भिंत उभी केली होती, तीच भिंत आता त्यांच्या स्वतःच्या घरात उभी राहिली. टिळकांनी या बाबतीत मोठे शहाणपण दाखविले. एरवी उतावळा असलेला हा मनुष्य येथे मात्र धीर धरून राहिला. पत्नीने आपल्यासाठी धर्म सोडावा, असा आग्रह त्यांनी केला नाही.

लक्ष्मीबाई विचार करीत राहिल्या. ही शिवाशीव कोणी निर्माण केली, हा प्रश्न त्यांना छळू लागला. पशुपक्ष्यांत जाती आहेत, त्या पाहताक्षणी ओळखू येतात. गाय निराळी, घोडा निराळा. पण माणसांकडे पाहून जात कळत नाही. मग देवाने माणसांत स्त्री आणि पुरुष यांवाचून आणखी भेद केले असतील कसे? हे भेद माणसाचेच आहेत, असा निश्चय एके दिवशी त्यांच्या मनाने केला. एकदा मनाला पटल्यावर थांबणे त्यांच्या स्वभावात नव्हते. यापुढे कोणाच्याही हातचे अन्नपाणी घ्यावयाचे, असे त्यांनी ठरविले आणि तसे आचरणही सुरू केले. ज्या बाईचे बालपण धुतलेल्या मिठाच्या घरात गेले, तिने हे पाऊल उचलणे सोपे नव्हते. बालपणापासूनचे संस्कार असे एका दिवसात पुसले जात नाहीत. पहिल्या घासाला मनाची आणि शरीराची केवढी तयारी करावी लागली असेल, याची कल्पना करावी. १९०० साली त्यांनीही ख्रिस्ती धर्माची दीक्षा घेतली. त्यांचा हा निर्णय पतीच्या धाकाने झाला नाही किंवा पांडित्याच्या वादांतूनही झाला नाही. त्याची सुरुवात पाण्याच्या घागरीपाशी आणि अन्नाच्या ताटापाशी झाली.

यानंतर टिळकांच्या घराची चूल खऱ्या अर्थाने मोकळी झाली. अहमदनगर जिल्ह्यातील त्यांच्या वास्तव्यात अनाथ मुले त्यांच्या घरी आली आणि घरचीच होऊन राहिली. टिळक मुलांना घरी आणीत. त्यांना न्हाऊ घालणे, जेवू घालणे, आजारपणात उशाशी बसणे हे लक्ष्मीबाई करीत. प्लेगच्या दिवसांत आजारी मुलींची शुश्रूषा करण्यासही त्या पुढे झाल्या. प्रभू येशूचा शेजारप्रेमाचा उपदेश त्यांनी चारचौघांत सांगितला असेल वा नसेल. पण वाढलेल्या ताटांतून तो रोजच व्यक्त होत होता.

याच घरात बालकवी ठोमरे हा तरुण कवी काही काळ राहिला. लक्ष्मीबाईंनी त्याच्यावर पुत्रवत प्रेम केले. त्या घरी काव्याची चर्चा आणि भाजीची फोडणी यांत फारसे अंतर नव्हते. लक्ष्मीबाईही कविता करू लागल्या. त्यांच्या एका विनोदी कवितेचे नावच ‘करंज्यात मोदक’ असे आहे. पदार्थांच्या ताटाकडे पाहता पाहता माणसांच्या गमती सुचाव्यात, ही त्यांची खास दृष्टी होती. पुढे १९१८ साली बालकवींचा रेल्वेच्या अपघातात अंत झाला आणि १९१९ च्या मे महिन्यात टिळकही निवर्तले.

टिळकांनी ख्रिस्ताचे जीवन ‘ख्रिस्तायन’ या ओवीबद्ध काव्यात गाण्याचा संकल्प केला होता. त्याचे थोडेच अध्याय पुरे झाले होते. शाळेत न गेलेल्या त्यांच्या पत्नीने हे काम अंगावर घेतले आणि साठांहून अधिक अध्याय रचून ते तडीस नेले. पतिनिष्ठा, श्रद्धा आणि चिकाटी या तिन्ही गुणांची साक्ष या कामातून मिळते.

मुलगा देवदत्त याला वडिलांच्या चरित्रासाठी आठवणी हव्या होत्या. लक्ष्मीबाई त्या लिहू लागल्या आणि त्यांतूनच ‘स्मृतिचित्रे’ हा ग्रंथ आकारास आला. ‘संजीवनी’ साप्ताहिकातून या आठवणी प्रसिद्ध होऊ लागल्या आणि १९३४ पासून त्यांचे भाग पुस्तकरूपाने निघाले. ओसरीवर बसून शेजारणीला हकिकत सांगावी, तशी त्याची भाषा आहे. तीत अलंकारांचा सोस नाही, स्वतःची थोरवी नाही आणि पतीचे दोष झाकण्याची धडपडही नाही. रिकामे डबे, अवेळी आलेले पाहुणे, भांडणे, विरह, मृत्यू हे सारे तीत आहे. आणि या सर्वांवर एक निर्मळ हसू पसरलेले आहे. दुःखाच्या प्रसंगीही जीवनाकडे प्रसन्नपणे पाहण्याचे हे बळ त्यांना श्रद्धेने दिले.

२४ फेब्रुवारी १९३६ रोजी नाशिक येथे लक्ष्मीबाईंचे देहावसान झाले. पुढे त्यांच्या ग्रंथाची इंग्रजीतही भाषांतरे झाली आणि नाशिकजवळच्या एका खेड्यातील मुलीची कथा दूरदेशीच्या वाचकांपर्यंत पोचली.

मोठेपणासाठी मोठे प्रसंगच लागतात असे नाही. रोजचा स्वयंपाक, रोजची प्रार्थना आणि रोज घडणाऱ्या लहानसहान गोष्टी यांकडे जो डोळसपणे पाहतो, त्याला शिकण्यासारखे आणि सांगण्यासारखे पुष्कळ सापडते. लक्ष्मीबाईंनी प्रथम आपल्या मनातील भिंत पाडली, मग घराचे दार उघडले आणि शेवटी हातात लेखणी घेतली. या क्रमातच त्यांच्या जीवनाचे मर्म आहे.