मिठाच्या वसुलदाराचा कालवा

फ्रान्समधला जलप्रवास म्हटलं की सेन नदी आणि पॅरिस डोळ्यांपुढे येतं. आमच्या वाट्याला आला दक्षिणेतला एक कालवा. मुलीने हौसेने बुकिंग केलं होतं: कार्कासोनपासून बेझिएपर्यंत, आठवडाभर, मोजक्या प्रवाशांची होडी. वेग माणसाच्या चालीचा. पहिल्याच दुपारी सौ.चं मत पडलं की यापेक्षा आपली बैलगाडी बरी.

दर थोड्या अंतराने होडी दोन दरवाजांमधल्या कोठीत शिरायची. मागचा दरवाजा लागायचा, कोठीतलं पाणी पुढे सोडलं जायचं आणि आम्ही हलकेच खालच्या पातळीवर उतरायचो. हे लॉक. त्याच्या भिंती सरळ नव्हत्या, मधोमध फुगीर होत्या. सुरुवातीला बांधलेली सरळ भिंत कोसळली, म्हणून मातीचा रेटा पेलायला हा लंबगोल आकार आला. ते बांधणाऱ्याचं नाव प्येर-पॉल रिके. मला वाटलं, मोठा इंजिनियर असणार. निघाला वसुली ठेकेदार! मग मात्र आमच्यातला बँकवाला जागा झाला.

रिके बेझिएचाच. सतराव्या शतकात फ्रान्समध्ये मिठावर जाचक कर होता. ठेकेदाराने राजाला ठरलेली रक्कम भरायची आणि लोकांकडून वसूल करायची; वर उरेल ते त्याचं. लांगडॉक प्रांतातला हा ठेका रिकेकडे होता. शेजारच्या रुसियोंमध्ये या कराविरुद्ध लोकांनी शस्त्रं उचलली होती. आपला नायक काही संत नव्हता, हे आधीच सांगितलेलं बरं.

अटलांटिककडून भूमध्य समुद्रात जायचं तर जहाजांना स्पेनला वळसा घालावा लागे. मध्ये कालवा खणावा ही कल्पना जुनीच; अडचण पाण्याची होती. कालवा नोरूझच्या 189 मीटर उंचीच्या खिंडीवरून जाणार. होडी लॉकमधून गेली की वरचं पाणी खाली जाणार. मग माथ्यावर पाणी आणायचं कुठून? मोंतान्य न्वार, म्हणजे काळा डोंगर, तिथल्या ओढ्यांचं पाणी पाटाने खिंडीपर्यंत आणायचं, तिथून ते दोन्ही बाजूंना वाहील, असं रिकेने मांडलं. 1662 मध्ये त्याने चौदाव्या लुईचा मंत्री कोल्बेर याला पत्र लिहिलं. 1666 मध्ये राजाज्ञा निघाली. सें फेरेऑलला तीस मीटरहून उंच धरण उभं राहू लागलं. तुलूझच्या गारोन नदीपासून भूमध्य समुद्राजवळच्या खाजणापर्यंत 240 किलोमीटर खोदाई झाली.

कामावर एका वेळी बारा हजारांपर्यंत माणसं असत, त्यांत बायकाही पुष्कळ. पगार महिन्याचा, पावसाने काम थांबलं तरी चालू, सणासुदीचाही मिळे. ज्या माणसाने मिठाच्या चिमटीमागे लोकांना पिळलं, त्यानेच मजुरांना त्या काळात असा पगार द्यावा, हे कोडं मला अजून सुटलेलं नाही.

पण पैसा? काही राजाने दिला, काही प्रांताने, आणि सुमारे पाचवा हिस्सा रिकेने. बदल्यात कालव्याची मालकी आणि जकात त्याच्या वंशजांना मिळायची होती. सरकारी हप्ते उशिरा यायचे, मजुरी मात्र थांबवता येत नव्हती. त्याने कर्जं काढली, मुलींच्या हुंड्याच्या पैशालाही हात घातला. कार्कासोनच्या नगरप्रमुखांनी वर्गणी नाकारली, तेव्हा कालवा शहराला टाळून पुढे गेला. ते शहर कालव्यावर यायला 1810 उजाडलं.

बँकेत अशा अर्जावर मी काय शेरा मारला असता? सांगायला नको, कारण एकदा मारला आहे. 1990 च्या दशकात सातारा जिल्ह्यातल्या एका शाखेत असताना एक वयस्क गृहस्थ नदीचं पाणी उचलून माळावर न्यायचा प्रस्ताव घेऊन आले होते. पाइपलाइन दोन गावांतून जाणार, तारणाला जमीन अपुरी, वय साठीपुढचं. मी शिफारस केली नाही. नियमाने ते बरोबरच होतं. पुढे त्यांनी काय केलं, याची मी कधी चौकशी केली नाही.

पाचव्या दिवशी मालपासचा बोगदा आला. ठिसूळ खडकाची टेकडी. इथे कालवा अडणार असं टीकाकारांना वाटत होतं. रिकेने तीतून सुमारे 165 मीटर आरपार वाट काढली. होडी त्या काळोखात शिरली तेव्हा सौ.ने माझा हात धरला. बैलगाडीचा विषय पुन्हा निघाला नाही.

बोगदा झाला त्याच सुमारास, 1 ऑक्टोबर 1680 रोजी रिके तुलूझला वारला. काम थोडंच उरलं होतं. 1681 च्या मे महिन्यात कालवा खुला झाला तो मुलांच्या हाताखाली. डोक्यावर वीस लाख लिव्रच्या आसपास कर्ज होतं. कालव्याचा नफा वारसांच्या हाती पडायला 1724 पर्यंत वाट पाहावी लागली. आमच्या भाषेत हे खातं चाळीस वर्षं बुडीतच म्हणायचं.

बेझिएच्या अलीकडे फोंसरानची लॉकची उतरंड आहे, घाटाच्या पायऱ्यांसारखी. उतरायला बराच वेळ लागला. गावात रिकेचा पुतळा आहे, 1838 साली उभारलेला. सौ. फोटो काढत होती आणि मी त्या माळावरच्या गृहस्थांचं आडनाव आठवत उभा होतो. गावाचं नाव आठवलं, आडनाव नाही.