घटक ४ : बाबूराव पेंटर – प्रकाशाला अर्थ देणारा चित्रकार

४.० उद्दिष्टे

या घटकाच्या अभ्यासानंतर आपल्याला :
• बाबूराव पेंटर यांच्या जीवनाचा आणि कार्याचा परिचय करून देता येईल.
• मूकपटाच्या काळात कृत्रिम प्रकाशाची गरज का निर्माण झाली, हे स्पष्ट करता येईल.
• चित्रकलेतील छायाप्रकाशाचा विचार चित्रपटात कसा उतरला, हे सोदाहरण सांगता येईल.
• चरित्रात्मक लेखनात व्यक्ती, काळ आणि तंत्र यांची सांगड कशी घातली जाते, ते समजून घेता येईल.

४.१ प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, मागील घटकात आपण दादासाहेब फाळके यांच्या कार्याचा परिचय करून घेतला. १९१३ मध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ प्रदर्शित झाला आणि भारतीय कथापटाची वाट खुली झाली. या वाटेने पुढे गेलेल्या कलावंतांमध्ये कोल्हापूरचे बाबूराव पेंटर यांचे स्थान वेगळे आहे. फाळके यांनी चित्र हलते केले. त्या हलत्या चित्रात कोठे उजेड असावा आणि कोठे अंधार राहू द्यावा, हा प्रश्न बाबूरावांनी प्रथम गांभीर्याने हाती घेतला. प्रकाश ही त्या काळी छायाचित्रणाची केवळ भौतिक गरज होती. ती अर्थ सांगणारी भाषा होऊ शकते, ही जाणीव मराठी चित्रपटाला बाबूरावांनी दिली. प्रस्तुत घटकात त्यांच्या जीवनाचा विचार आपण मुख्यतः याच अंगाने करणार आहोत.

४.२ विषय-विवेचन

४.२.१ घडण : कारागिरी आणि रंगभूमीचे पडदे

बाबूराव कृष्णराव मेस्त्री यांचा जन्म ३ जून १८९० रोजी कोल्हापूर येथे झाला. मेस्त्री घराण्यात हातकामाची परंपरा होती. कलाशाळेचे रीतसर शिक्षण बाबूरावांना मिळाले नाही. घरातील कारागिरी, स्वतःचा सराव आणि डोळसपणे केलेले निरीक्षण हीच त्यांची शाळा. राजर्षी शाहू महाराजांच्या आश्रयामुळे त्या काळी कोल्हापुरात चित्रकला, संगीत, नाट्य आणि मल्लविद्या यांना बहर आला होता. आबालाल रहिमान यांच्यासारखे थोर चित्रकार याच नगरीत काम करीत होते. अशा वातावरणात बाबूराव आणि नात्याने त्यांचे बंधू लागणारे आनंदराव हे दोघे चित्रकार म्हणून पुढे आले. चित्रकारीचा व्यवसायच पुढे त्यांचे आडनाव झाला आणि ‘मेस्त्री’ मागे पडून ‘पेंटर’ हे नाव रूढ झाले.

१९१० नंतरच्या काही वर्षांत या दोघा बंधूंनी नाटक मंडळ्यांसाठी रंगविलेले पडदे विशेष नावाजले गेले. राजवाडा, अरण्य, नदीकाठ, देवालय अशी स्थळे सपाट कापडावर उभी करायची आणि प्रेक्षकाला त्यात खोली भासवायची, असे हे काम असे. कापडाला स्वतःची खोली नसते. खांबाची एक बाजू उजळ, दुसरी काळोखी आणि जमिनीवर त्याची पडछाया, एवढ्या साधनांनी चित्रकार ती निर्माण करतो. पडदा रंगविण्यापूर्वी प्रकाश कोणत्या दिशेने येत आहे, हे त्याला निश्चित करावे लागते. बाबूरावांच्या पुढील साऱ्या कार्याचे बीज या सवयीत आहे.

४.२.२ कॅमेऱ्याची निर्मिती आणि ‘महाराष्ट्र फिल्म कंपनी’

फाळके यांच्या चित्रपटांनी दोघा बंधूंना भारून टाकले. परदेशी कॅमेरा विकत घेण्याइतके द्रव्यबळ नव्हते, म्हणून तो स्वतःच बनविण्याचा त्यांनी घाट घातला. काम पुरे होण्याआधीच १९१६ मध्ये आनंदरावांचे निधन झाले. ज्याच्यासोबत स्वप्न पाहिले तोच सोबती गेला. तरीही बाबूरावांनी काम सोडले नाही. विष्णुपंत दामले यांच्या साहाय्याने त्यांनी कॅमेरा पूर्णत्वास नेला. कोल्हापूरच्या गायिका तानीबाई कागलकर यांनी आर्थिक साहाय्य केले आणि १९१७-१८ च्या सुमारास ‘महाराष्ट्र फिल्म कंपनी’ उभी राहिली.

कंपनीचा पहिला चित्रपट ‘सैरंध्री’ १९२० मध्ये पुण्यात प्रदर्शित झाला. स्त्रीभूमिका स्त्रियांनीच केल्या, हे त्याचे एक वैशिष्ट्य होय. चित्रपटात काम करणे स्त्रियांसाठी अप्रतिष्ठेचे मानले जात असताना उचललेले हे पाऊल होते. लोकमान्य टिळकांनी बाबूरावांना ‘सिनेमा केसरी’ ही पदवी देऊन गौरविले.

४.२.३ सूर्यावर अवलंबून असलेली कला

आता त्या काळातील चित्रीकरणाची पद्धत समजून घेऊ. फिल्मची संवेदनक्षमता कमी असल्याने भरपूर उजेडाशिवाय चित्र उमटत नसे. त्यामुळे घराचा अंतर्भाग दाखवायचा असला तरी सेट उघड्यावर किंवा काचेच्या छपराखाली उभारावा लागे. डोक्यावर पांढरे कापड ताणून ऊन मवाळ केले जाई आणि पांढऱ्या फळ्यांवरून परावर्तित झालेला उजेड कलाकारांच्या चेहऱ्यावर टाकला जाई. ढग आले की काम थांबे. पावसाळा तर कठीणच जाई.

या पद्धतीत उजेड सर्वत्र सारखा पडत असे. राजाचा दरबार आणि कैद्याची कोठडी, दोन्ही सारख्याच उजळ. रात्रीचा प्रसंग दिवसाच चित्रित करून नंतर फिल्मची ती पट्टी निळ्या रंगात बुडविण्याची रीत जगभर प्रचलित होती. पडद्यावर निळा रंग दिसला की रात्र समजावी, असा हा संकेत होता. प्रेक्षकाला रात्र कळे, पण तिचा अनुभव येत नसे.

रंगांचीही एक अडचण होती. त्या काळची फिल्म निळ्या रंगाला चटकन प्रतिसाद देई आणि तांबड्या रंगाला जवळजवळ देत नसे. म्हणून निळे आकाश पांढरेफटक आणि तांबडे वस्त्र काळे दिसे. सेट रंगविताना डोळ्यांना काय दिसते यापेक्षा फिल्मला काय दिसेल, याचा विचार करणे आवश्यक होते. काळा आणि पांढरा यांच्यामधील करड्या छटा कशा मिळतील, याकडे चित्रकार असलेल्या बाबूरावांचे बारीक लक्ष असे. रंगविलेल्या पडद्यांऐवजी त्यांनी लांबी, रुंदी आणि खोली असलेले भरीव सेट उभारले. दृश्यांची, पात्रांच्या वेशभूषेची आणि हालचालींची रेखाटने ते आधीच करून ठेवीत.

४.२.४ ‘सिंहगड’ : रात्रीचा प्रश्न

१९२३ मधील ‘सिंहगड’ हा चित्रपट हरि नारायण आपटे यांच्या ‘गड आला पण सिंह गेला’ या कादंबरीवर आधारलेला होता. तानाजी मालुसरे आणि त्यांचे मावळे फेब्रुवारी १६७० मध्ये रात्रीच्या अंधारात कोंढाण्याचा कडा चढून गेले, हे या कथेचे मर्म आहे. अंधार येथे प्रसंगाची केवळ पार्श्वभूमी नाही. मावळ्यांचे संरक्षण अंधारात आहे आणि त्यांच्यावरील संकटही अंधारातच आहे. भर दुपारच्या उन्हात चढणारे मावळे दाखविले तर पराक्रमाचा अर्थच हरवतो.

या चित्रपटासाठी बाबूरावांनी कृत्रिम प्रकाशाचा अवलंब केला. भारतीय चित्रपटात अशा प्रकाशाचा वापर करण्याचा पहिला मान ‘सिंहगड’ला दिला जातो.

त्या काळी चित्रीकरणासाठी मुख्यतः कार्बन आर्क दिवे उपलब्ध होते. या दिव्यात कार्बनच्या दोन कांड्यांची टोके परस्परांजवळ आणून त्यांतून वीजप्रवाह सोडला जातो. टोकांमधील फटीत प्रखर ज्योत निर्माण होते. तिच्यात निळ्या-जांभळ्या किरणांचे प्रमाण अधिक असल्याने ती त्या काळच्या फिल्मला मानवत असे. मात्र कांड्या जळून झिजत, त्यांतील अंतर सतत राखावे लागे आणि त्यांतून धूरही निघे. या उजेडात दीर्घकाळ काम करणाऱ्या नटांचे डोळे लाल होऊन सुजत.

या त्रासाच्या बदल्यात दिग्दर्शकाच्या हाती एक मोठी गोष्ट आली. सूर्य एकच असतो आणि त्याची जागा आपण ठरवू शकत नाही. दिवा मात्र डावीकडे, उजवीकडे, पाठीमागे किंवा खाली ठेवता येतो, जवळ आणता येतो आणि मालवताही येतो. पाठीमागून प्रकाश टाकला तर माणसाची केवळ कडा उजळते. बाजूने टाकला तर अर्धा चेहरा अंधारात जाऊन मनातील द्वंद्व सूचित होते. पडदे रंगविताना प्रकाशाची दिशा कुंचल्याने ठरविणाऱ्या कलावंताला आता ती प्रत्यक्षात ठरविता येऊ लागली.

जगातही हा विचार याच सुमारास मूळ धरीत होता. अमेरिकेत सेसिल डीमिल यांनी १९१५ मधील ‘द चीट’ या चित्रपटात डच चित्रकार रेम्ब्राँ यांच्या शैलीची आठवण करून देणारा प्रकाश योजला होता. जर्मनीत १९२० च्या ‘डॉ. कॅलिगारी’मध्ये तर सेटवर सावल्याच रंगविल्या होत्या. कोल्हापुरातील एक स्वयंशिक्षित चित्रकार तुटपुंज्या साधनांनी त्याच प्रश्नाशी झुंजत होता, ही बाब लक्षणीय आहे.

४.२.५ ‘सावकारी पाश’ : अंधाराचा सामाजिक अर्थ

१९२५ मध्ये बाबूरावांनी ‘सावकारी पाश’ निर्माण केला. नारायण हरि आपटे यांच्या कथेवरील या चित्रपटात सावकाराच्या कपटाने जमीन गमावून शहरात मजुरीसाठी जाणाऱ्या शेतकऱ्याची व्यथा होती. शेतकऱ्याची भूमिका व्ही. शांताराम यांनी केली होती. पौराणिक आणि ऐतिहासिक चित्रपटांच्या त्या युगात समकालीन शेतकरी नायक होणे ही मोठी घटना होती.

या चित्रपटातील एक दृश्य जाणकारांच्या स्मरणात राहिले. मंद प्रकाशात चित्रित केलेली एक उदास झोपडी आणि तेथे ऊर्ध्वमुख रडणारे कुत्रे. मूकपटात कुत्र्याचा आवाज ऐकू येत नाही. तरीही त्या अंधुक दृश्यातून घराची वाताहत प्रेक्षकापर्यंत पोहोचली. ‘सिंहगड’मधील अंधार पराक्रमाचा सोबती होता, तर येथील अंधार दारिद्र्याचा आणि हतबलतेचा आहे. उजेड असूनही तो हेतुपूर्वक कमी करणे, हा प्रकाशयोजनेतील पुढचा टप्पा होय. १९३६ मध्ये बाबूरावांनी हीच कथा बोलपटाच्या रूपात पुन्हा सादर केली.

४.२.६ शिष्य, ताटातूट आणि वारसा

‘महाराष्ट्र फिल्म कंपनी’ ही एक कार्यशाळाच होती. दामले, फत्तेलाल, शांताराम, केशवराव धायबर हे सारे येथे हाताने काम करीत शिकले. परंतु बाबूराव मनासारखे दृश्य साधेपर्यंत वेळ घेणारे कलावंत होते. चित्रपट हा व्यवसायही असल्याने संथ गती आणि आर्थिक ताण यांतून कंपनीत अस्वस्थता वाढत गेली. अखेर वरील चौघेजण बाहेर पडले आणि सीतारामपंत कुलकर्णी यांच्यासह त्यांनी १ जून १९२९ रोजी कोल्हापुरातच ‘प्रभात फिल्म कंपनी’ स्थापन केली. ज्या गुणामुळे बाबूरावांची कला मोठी झाली, त्याच गुणाने त्यांची माणसे दुरावली. पुढे त्यांची कंपनीही टिकली नाही.

त्यांची दृष्टी मात्र शिष्यांसोबत पुढे गेली. धायबर यांनी चित्रित केलेल्या ‘अमृतमंथन’ (१९३४) मधील गूढ छायाप्रकाश, तसेच व्ही. अवधूत यांच्या छायाचित्रणाने सजलेल्या ‘कुंकू’ (१९३७) आणि ‘माणूस’ (१९३९) यांतील भावसूचक प्रकाश या परंपरेतूनच उमलला. बोलपटाच्या आगमनाने तंत्रही बदलले. आर्क दिव्यांचा आवाज ध्वनिमुद्रणात अडथळा आणू लागला, तेव्हा तारेच्या दिव्यांचा वापर वाढला आणि सर्व रंगांना प्रतिसाद देणारी फिल्म रूढ झाली.

बाबूरावांनी ‘उषा’ (१९३५), ‘प्रतिभा’ (१९३७) असे बोलपट दिग्दर्शित केले. शांताराम यांच्या ‘लोकशाहीर रामजोशी’ (१९४७) या चित्रपटाशीही दिग्दर्शक म्हणून त्यांचे नाव जोडलेले आहे. उत्तरायुष्यात ते पुन्हा चित्रकला आणि शिल्पकला यांकडे वळले. १६ जानेवारी १९५४ रोजी कोल्हापूर येथे त्यांचे निधन झाले.

४.३ समारोप

बाबूराव पेंटर यांचे बहुतेक मूकपट आज उपलब्ध नाहीत. ज्या ‘सिंहगड’मुळे त्यांचे नाव प्रकाशयोजनेच्या इतिहासात आले, तोही आपण पाहू शकत नाही. चित्रकाराचा पडदा फाटतो, फिल्म जळते किंवा विरघळते आणि चरित्रकाराच्या हाती समकालीनांच्या आठवणी, जाहिराती व काही स्थिरचित्रे एवढेच उरते. अशा स्थितीत चरित्रकाराला कलावंताचे मोठेपण त्याच्या शिष्यांच्या कामात शोधावे लागते. ‘प्रभात’च्या चित्रपटांत अंधारातून हळूच उजळणारा एखादा चेहरा आपण पाहतो, तेव्हा नाटकाचे पडदे रंगविणाऱ्या त्या चित्रकाराने लावलेला दिवा अजून विझलेला नाही, याची खात्री पटते.

४.४ पारिभाषिक शब्द

आर्क दिवा : कार्बनच्या दोन कांड्यांमधील विद्युत्‌ज्योतीने प्रकाश देणारा दिवा.
छायाप्रकाश : उजेड आणि अंधार यांच्या विरोधातून आकार व भाव व्यक्त करण्याची पद्धत.
पार्श्वप्रकाश : वस्तूच्या किंवा व्यक्तीच्या मागून टाकलेला प्रकाश.
मूकपट : ध्वनिविरहित चित्रपट.

४.५ स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न

अ) एका वाक्यात उत्तरे लिहा.
१. बाबूराव पेंटर यांचे मूळ आडनाव कोणते?
२. ‘सिंहगड’ हा चित्रपट कोणत्या कादंबरीवर आधारलेला होता?
३. ‘सावकारी पाश’मध्ये शेतकऱ्याची भूमिका कोणी केली?

आ) थोडक्यात उत्तरे लिहा.
१. मूकपटाच्या काळात रात्रीचे प्रसंग कसे दाखविले जात आणि त्यात कोणती उणीव होती?
२. ‘सिंहगड’ आणि ‘सावकारी पाश’ यांतील अंधाराच्या अर्थाची तुलना करा.

इ) दीर्घोत्तरी प्रश्न.
१. नाटकाचे पडदे रंगविण्याच्या अनुभवाने बाबूरावांची चित्रपटदृष्टी कशी घडविली, ते विवेचन करा.

४.६ उपक्रम

१. रात्री खोलीतील इतर दिवे मालवून एकच दिवा घरातील व्यक्तीच्या समोर, बाजूला आणि मागे ठेवून पाहा. प्रत्येक वेळी चेहऱ्यावरील भावात कोणता फरक जाणवतो, त्याची दहा ओळींत नोंद करा.
२. नागपूर परिसरातील विद्यार्थ्यांनी सीताबर्डीच्या बाजारपेठेत सायंकाळी थांबून मावळता उजेड आणि दुकानांतील दिवे यांचे एकमेकांत मिसळणे न्याहाळावे. इतर विद्यार्थ्यांनी आपल्या गावातील बाजाराचे निरीक्षण करावे. त्यावर आधारित वर्णनपर परिच्छेद लिहा.