शेंगदाण्याच्या तेलावर इंजिन चाललं, पण डिझेलचे ट्रक बाजारात आलेले रुडॉल्फ डिझेल यांनी कधी पाहिलेच नाहीत

राजवाडी होळीसाठी नंदुरबारमधल्या काठीला निघालेल्या गाड्या सातपुड्याचा घाट चढतात त्या डिझेलवर. पण डिझेल हे मुळात एका माणसाचं आडनाव आहे.

रुडॉल्फ डिझेल यांचा जन्म 1858 चा, पॅरिसमधला. आईवडील जर्मन, त्यामुळे 1870 च्या युद्धात कुटुंबाला शहर सोडावं लागलं. पुढचं शिक्षण जर्मनीत झालं. वाफेचं इंजिन कोळशातली बहुतेक उष्णता वाया घालवतं, हे त्यांना खटकायचं. दाबून तापवलेल्या हवेनंच इंधन पेटवणारं त्यांचं इंजिन 1897 मध्ये यशस्वी झालं.

1900 च्या पॅरिस प्रदर्शनात असंच एक इंजिन चक्क शेंगदाण्याच्या तेलावर चाललं. शेतातलं तेल उद्याचं इंधन ठरू शकतं, असं पुढे डिझेलही मांडू लागले.

29 सप्टेंबर 1913 च्या रात्री इंग्लंडला जाताना ते बोटीवरून बेपत्ता झाले. काही दिवसांनी समुद्रात मृतदेह सापडला. डोक्यावर कर्ज होतं, पण मृत्यूचं कोडं सुटलं नाही. डिझेलचे ट्रक बाजारात आले ते त्यानंतर सुमारे दहा वर्षांनी.

मग तळणाचं उरलेलं तेल गाळून थेट टाकीत ओतायचं का? तर नाही. गाळल्यानं कण जातात, दाटपणा जात नाही आणि आजच्या इंजिनाचे बारीक नोझल चोंदतात. म्हणून आधी त्याचं बायोडिझेल करतात, मगच ते डिझेलमध्ये मिसळतात.