नगरच्या किल्ल्यातील छत्रपती

कोल्हापूरचे नाव निघाले की राजर्षी शाहू महाराज आठवतात. त्यांच्या आधी कोल्हापूरच्या गादीवर असलेले चौथे शिवाजी महाराज मात्र क्वचितच कोणाला आठवतात. कबनूर-इचलकरंजीपासून पन्हाळ्यापर्यंत पसरलेल्या या जुन्या संस्थानाचा हा धनी अवघ्या विसाव्या वर्षी, आपल्या राजधानीपासून दूर, पहाऱ्यात मरण पावला. मनाच्या आजाराकडे समाज आणि सत्ता कशा पाहतात, हे समजून घ्यायचे तर त्यांचे आयुष्य पुन्हा एकदा पाहायला हवे.

कोल्हापूरचे छत्रपती राजाराम महाराज युरोपच्या प्रवासाहून परतत असताना ३० नोव्हेंबर १८७० रोजी इटलीतील फ्लॉरेन्स येथे निवर्तले. त्यांना पुत्र नव्हता. त्यामुळे १८७१ मध्ये भोसले घराण्यातील नारायणराव या आठ वर्षांच्या मुलाला दत्तक घेण्यात आले आणि त्याचे नाव शिवाजी ठेवण्यात आले. राजा अल्पवयीन, म्हणून कारभार ब्रिटिश पोलिटिकल एजंटाच्या देखरेखीखाली. खेळण्याच्या वयात हे मूल आईवडिलांच्या घरातून उठून राजवाड्यात आले आणि पालक, शिक्षक व अधिकारी यांच्या नजरेखाली वाढू लागले.

तारुण्यात पाऊल टाकता टाकताच महाराजांचे चित्त ठिकाणावर नाही, असे सरकारी अधिकारी सांगू लागले. लोकांना ते पटेना. महाराज वेडे नाहीत, त्यांचा छळ करून त्यांना वेडे ठरवले जात आहे, अशी बोलवा कोल्हापुरातून पुण्यापर्यंत पोहोचली. १८८१ मध्ये सुरू झालेल्या ‘केसरी’ आणि ‘मराठा’ या पत्रांनी हा विषय हाती घेतला आणि कारभारी माधवराव बर्वे यांच्यावर उघड आरोप केले. बर्वे यांनी अब्रुनुकसानीचा खटला भरला. ज्या पत्रांवर आरोपांची भिस्त होती, ती बनावट निघाली. टिळक आणि आगरकर यांना जुलै १८८२ मध्ये चार महिन्यांची साधी कैद झाली. डोंगरीच्या तुरुंगात त्यांनी १०१ दिवस काढले. त्या दिवसांवर आगरकरांनी पुढे पुस्तकही लिहिले.

संपादक सुटले, त्यांचे सत्कार झाले. महाराज मात्र सुटले नाहीत. १८८२ मध्येच कागलचे अधिपती जयसिंगराव ऊर्फ आबासाहेब घाटगे यांना रीजंट नेमण्यात आले आणि महाराजांना अहमदनगरच्या, म्हणजे आजच्या अहिल्यानगरच्या किल्ल्यात ठेवण्यात आले. २५ डिसेंबर १८८३ रोजी ग्रीन नावाच्या गोऱ्या शिपायाशी झालेल्या झटापटीनंतर त्यांचा तेथेच अंत झाला. त्यांच्या मागे राणी आनंदीबाईसाहेबांनी १७ मार्च १८८४ रोजी आबासाहेबांचे नऊ वर्षांचे पुत्र यशवंतराव यांना दत्तक घेतले. हेच पुढचे शाहू महाराज.

महाराजांना नेमका कोणता आजार होता, की नव्हताच, याचा निवाडा आज करता येणार नाही. रुग्णाला समोर बसवून, त्याच्याशी आणि घरच्यांशी बोलल्याखेरीज कोणताही मानसोपचारतज्ज्ञ निदान करीत नाही. त्या काळी तर सगळ्याच दुखण्यांना ‘वेड’ हा एकच शब्द होता. आज आपल्याला त्यांतील भेद माहीत आहेत. दोन आठवडे किंवा त्याहून अधिक काळ मन खिन्न राहणे आणि कशातच रस न वाटणे हे नैराश्याचे लक्षण. कारण नसताना सतत धास्ती वाटणे हा चिंताविकार. कधी अतिउत्साह, तर कधी खोल खिन्नता, हा द्विध्रुवीय विकार. भास आणि भ्रम यांनी वास्तवाशी नाते तुटणे हे स्किझोफ्रेनियात दिसते. यांतील तीव्र विकार बहुधा ऐन तारुण्यात डोके वर काढतात. महाराजांचे वय तेच होते. शिवाय एकटेपणा आणि कोंडून ठेवणे यांनी धडधाकट माणसाचेही मन खचते. स्किझोफ्रेनियावरचे पहिले परिणामकारक आधुनिक औषध १९५० च्या दशकात आले, महाराजांच्या मृत्यूनंतर जवळजवळ सत्तर वर्षांनी.

सरकारचे म्हणणे होते, महाराज वेडे आहेत, म्हणून त्यांना पहाऱ्यात ठेवणे योग्यच. लोकांचे म्हणणे होते, त्यांचा छळ होतो आहे, म्हणजे ते वेडे नाहीतच. दोन्ही बाजूंनी एक गोष्ट गृहीत धरली होती, की माणूस खरोखरच वेडा असेल तर त्याला कसेही वागवावे. महाराज आजारी असणे आणि त्यांचा छळ होणे, या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकत होत्या. आजारी माणसालाही मान असतो, ही गोष्ट त्या गदारोळात कोणाच्या ध्यानी आली नाही.

ती ध्यानी यायला फार काळ लागला. तमिळनाडूतील एरवाडी येथे ६ ऑगस्ट २००१ रोजी लागलेल्या आगीत साखळदंडांनी जखडलेले २८ मनोरुग्ण मृत्युमुखी पडले. आता २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने रुग्णाला साखळीने बांधण्यास मनाई केली आहे, आणि उपचारांचा व सन्मानाने जगण्याचा हक्क दिला आहे. ‘टेलि-मानस’च्या १४४१६ या क्रमांकावर कोणालाही विनामूल्य सल्ला मिळतो. तरीही घरातल्या आजारी माणसाला माडीवरच्या खोलीत कोंडून ठेवणारी आणि पाहुण्यांना तो गावाला गेला आहे असे सांगणारी घरे आपल्या शहरांतही आहेत. अशा प्रत्येक घरात नगरचा एक छोटा किल्ला उभा असतो. त्याचे दार आतून उघडत नाही, ते बाहेरच्यांनीच उघडावे लागते.